वाट आधी, वाहन नंतर
साइड-बाय-साइड वाहनाची निवड करताना

नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे काही महिन्यांसाठी जाणारे आईवडील आता अनेक मराठी घरांत आढळतात. त्यांच्या प्रवासात तेथील राष्ट्रीय उद्यानांचे दर्शन ओघानेच येते. युटा राज्यातील आर्चेस उद्यान पाहण्यासाठी मोआब या गावी मुक्काम केला, की हॉटेलच्या आवारात एक निराळेच वाहन उभे दिसते. जाडजूड चाके, दोन किंवा चार आसने, डोक्यावर पोलादी नळ्यांचा सांगाडा, दारांच्या जागी अर्धीच झडप आणि सर्वांगावर लाल मातीचा थर. जीपपेक्षा ते लहान असते आणि मोटारसायकलीच्या जातीतले तर मुळीच नसते. एखाद्या दिवसासाठी ते भाड्याने घेतले जाते, डोंगरातील फेरफटका सर्वांना आवडतो आणि परतल्यावर घरात प्रश्न निघतो, "आपले स्वतःचेच एक घेतले तर?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक अक्षरांत असते ती इंजिनाची अश्वशक्ती. प्रत्यक्षात समाधान, सुरक्षितता आणि पैसा या तिन्ही दृष्टींनी महत्त्वाच्या ठरतात त्या वेगळ्याच गोष्टी. वाहन कोणत्या वाटेवर चालवायचे, त्यात कोणाला बसवायचे आणि वर्षातून किती दिवस ते वापरायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावरच माहितीपत्रक उघडावे, हे उत्तम.

वाहनाची ओळख

चालक आणि प्रवासी शेजारी शेजारी बसतात, म्हणून या वाहनास 'साइड-बाय-साइड' असे नाव पडले. 'यूटीव्ही' हे त्याचे दुसरे प्रचलित नाव. चार चाकांच्या 'एटीव्ही'शी त्याची अनेकदा गल्लत होते. एटीव्हीवर घोड्याप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे लागते आणि ती हँडलने वळवली जाते. साइड-बाय-साइडमध्ये मोटारीप्रमाणे आसन, स्टिअरिंगचे चाक, पायाखाली ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर, सीटबेल्ट आणि वाहन उलटल्यास आतील माणसांभोवती मोकळी जागा राखणारा संरक्षक सांगाडा असतो.

या वाहनाचा जन्म कामासाठी झाला. कावासाकी कंपनीने १९८८ मध्ये आणलेले 'म्यूल' हे शेतावर आणि मोठ्या आवारांत ओझी वाहण्यासाठी होते. पोलारिस कंपनीचे 'रेंजर' १९९८ मध्ये आले, तेही कामाचेच. यामाहाच्या 'ऱ्हायनो'ने २००३ च्या सुमारास या वाहनाला करमणुकीच्या वाटेवर आणले आणि २००७ मध्ये जाहीर झालेल्या पोलारिसच्या 'आरझेडआर'ने खास रानवाटांसाठी घडवलेल्या वाहनांचा वर्ग रूढ केला. आज कॅन-अ‍ॅम, होंडा, कावासाकी, यामाहा आदी अनेक कंपन्या या क्षेत्रात आहेत.

या इतिहासातून निवडीचा पहिला फाटा समजतो. कामाच्या वर्गातील वाहनाला मागे सामानाचा हौदा, ओढण्याची मोठी क्षमता आणि संथ, दमदार चाल असते. खेळाच्या वर्गात लांब सस्पेन्शन, खोलगट आसने आणि वेग यांवर भर असतो. दोहोंच्या मधला वर्गही आहे. लाकूडफाटा, तंबू आणि शिधा घेऊन रानात मुक्कामाला जाणाऱ्या कुटुंबाला हा मधला वर्ग बहुधा अधिक सोयीचा पडतो. होंडाच्या 'पायोनियर ७००-४' या प्रतिकृतीत मागील दोन आसने घडी करून हौद्याच्या तळाशी बसवता येतात. अशा वाहनाचे मोल पहिल्या मुक्कामातच कळते.

पन्नास इंचांचे फाटक

अमेरिकेतील रानवाटांचा मोठा हिस्सा सरकारी वनभूमीवर आहे. तेथील वनसेवेने २००५ मध्ये प्रवास-व्यवस्थापनाचा नियम केला. त्यानुसार कोणत्या वाटेवर कोणत्या प्रकारचे वाहन आणि कोणत्या ऋतूत चालेल, हे प्रत्येक वनक्षेत्राच्या नकाशावर दाखवले जाते. त्यातील एक प्रकार वाहनाच्या रुंदीवर ठरतो. तो म्हणजे ५० इंच किंवा त्याहून कमी, अर्थात सुमारे १२७ सेंटिमीटर. ही मर्यादा मुळात एटीव्हीच्या मापाने आलेली आहे. अनेक ठिकाणी वाटेच्या तोंडाशी त्याच अंतरावर खांब रोवलेले असतात. त्यांतून जे वाहन जाणार नाही, ते तेथूनच परत फिरते.

याच कारणाने पहिली आरझेडआर बरोबर ५० इंच रुंद होती आणि होंडाची पायोनियर ५०० किंवा कॅन-अ‍ॅमची मॅव्हरिक ट्रेल यांसारखी वाहने त्याच मापात घडवली गेली. त्यापुढे ६० इंच, ६४ इंच आणि ७२ इंच असे वर्ग येतात. रुंदी वाढली की चाके दूर जातात आणि वाहन कलंडण्याची शक्यता कमी होते. सस्पेन्शनलाही वरखाली होण्यास अधिक वाव मिळतो. मात्र रुंद वाहनाला झाडीतील अरुंद वाटा बंद होतात. अरुंद वाहनाला अधिक वाटा खुल्या असतात. पण तीव्र वळणावर आणि आडव्या उतारावर त्याला अधिक जपून हाकावे लागते. दोन्ही गुण एकाच वाहनात मिळत नाहीत, हे आधीच स्वीकारले तर पुढील निराशा टळते.

म्हणून खरेदीपूर्वीचे पहिले काम घरी बसूनच करता येते. घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरील वनक्षेत्रांचे अधिकृत नकाशे मिळवावेत आणि तेथील वाटा कोणत्या रुंदीच्या वाहनांना खुल्या आहेत, याची नोंद करावी. बहुतेक वाटा ५० इंचांच्या असतील तर ७२ इंचांचे देखणे वाहन अंगणातच शोभेल.

तीन प्रदेश, तीन गरजा

वाटेचा पोत बदलला की वाहनाची गरजही बदलते. यासाठी तीन प्रसिद्ध ठिकाणे पाहता येतील.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हॅटफिल्ड-मॅकॉय हे रानवाटांचे जाळे २००० मध्ये खुले झाले. त्याची एकूण लांबी आता १,००० मैलांहून अधिक, म्हणजे १,६०० किलोमीटरच्या पुढे आहे. डोंगराळ कोळसाप्रदेशातील या वाटा दाट झाडीतून, चिखलातून आणि मुळांच्या जाळ्यातून जातात. प्रवेशासाठी परवाना आणि डोक्यावर हेल्मेट आवश्यक असते. येथे आटोपशीर लांबी-रुंदीचे, लहान वर्तुळात वळणारे वाहन सुखाचे. चार आसनी वाहनाची पुढील व मागील चाके एकमेकांपासून दूर असल्याने ते सरळ चढावर स्थिर राहते. पण झाडीतील नागमोडी वळणावर त्याला मागेपुढे करत वळावे लागते.

मोआबची गोष्ट वेगळी. तेथील 'हेल्स रिव्हेंज'सारख्या वाटा उघड्या वालुकाश्मावरून चढतात-उतरतात. रुंदीची अडचण तेथे कमी. मात्र पोटाखालील मोकळी उंची, तळाला जाड संरक्षक पत्रा, चारही चाकांना एकत्र जोडणारी यंत्रणा आणि अगदी सावकाश चालणारा 'लो' गिअर यांची परीक्षा होते. वेगाचे तेथे फारसे काम पडत नाही.

कॅलिफोर्नियातील इम्पीरियल वाळूच्या टेकड्या, म्हणजेच ग्लॅमिस, येथे तिसराच अनुभव येतो. मऊ वाळूत चाक रुतू नये म्हणून जोरकस इंजिन आणि वल्ह्यासारख्या उभ्या पट्ट्यांचे टायर वापरले जातात. टेकडीपलीकडून येणारे वाहन दिसत नसल्याने उंच काठीवर ध्वज लावणे बंधनकारक आहे. मोठ्या अश्वशक्तीचे खरे चीज होते ते येथेच.

एकच वाहन तिन्ही ठिकाणी उत्तम ठरेल, अशी अपेक्षा ठेवू नये. वर्षातील बहुसंख्य दिवस जेथे जाणार, त्या वाटेला पहिला मान द्यावा. एखाद्या वर्षी वाळूत जाण्याची हौस झाल्यास तेथे वाहन भाड्याने घेता येते.

सर्वांत लहान प्रवाशाचे पाय

करमणुकीच्या या वाहनाची एक बाजू गंभीर आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००३ ते एप्रिल २०१३ या काळातील नोंदींचा आढावा घेतला, तेव्हा या वर्गातील वाहनांच्या ५५० अपघातांत ३३५ मृत्यू झाल्याचे दिसून आले. त्याआधी, ३१ मार्च २००९ रोजी, यामाहा ऱ्हायनोच्या दुरुस्तीचा कार्यक्रम जाहीर झाला. ऱ्हायनोच्या ४५० व ६६० या प्रतिकृतींच्या अपघातांत ४६ जणांचा मृत्यू झाल्याचे आयोगाने त्या वेळी नमूद केले. दोन तृतीयांशांहून अधिक घटनांत वाहन उलटले होते आणि त्यांतील अनेक प्रसंगी माणसांनी पट्टा लावलेला नव्हता. विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की उलटण्याच्या अनेक घटना कमी वेगात, सपाट जमिनीवर वळण घेताना घडल्या होत्या.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ही वाहने उंच असतात आणि त्यांचे टायर मऊ, खोल खाचांचे असतात. वळणावर वाहन बाहेरच्या बाजूला झुकते. त्या क्षणी आतील माणूस स्वाभाविक प्रेरणेने हात किंवा पाय बाहेर टाकून तोल सावरू पाहतो आणि तोच अवयव सांगाड्याखाली सापडतो. सांगाडा माणसाला वाचवतो. पण माणूस सांगाड्याच्या आत राहिला तरच. सीटबेल्ट, दार, जाळी आणि धरायची मूठ या चारही गोष्टींचे काम त्याला आत ठेवणे हेच आहे. आज अनेक प्रतिकृतींत चालकाने पट्टा लावला नाही, तर वेग ताशी सुमारे २४ किलोमीटरच्या पुढे जात नाही. अशी सोय असलेले वाहन पसंत करावे आणि ती बंद करण्याच्या युक्त्यांपासून दूर राहावे.

निवडीच्या वेळी घरातील सर्वांत लहान प्रवाशाला विक्रेत्याकडे घेऊन जावे. त्याची पाठ आसनाला टेकलेली असताना दोन्ही पाय तळाला सपाट टेकतात का, हात मुठीपर्यंत पोचतो का आणि पट्टा खांद्यावरून नीट बसतो का, हे पाहावे. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर ते मूल त्या वाहनात बसण्याइतके मोठे झालेले नाही, असे समजावे. मोटारीतील लहान मुलांचे आसन येथे बांधून भागत नाही आणि मांडीवर मूल घेणे तर सर्वथा वर्ज्य. पूर्ण आकाराच्या वाहनांच्या चालकाचे वय किमान १६ वर्षे असावे आणि त्याच्याकडे वैध परवाना असावा, अशी उत्पादकांची सूचना असते. हीच कसोटी वयस्कर आईवडिलांनाही वेगळ्या अर्थाने लागू पडते. आत चढण्याची उंची, आसनाचा आधार आणि सस्पेन्शनचा मऊपणा हे गुडघे व पाठ यांना मानवतात का, हे त्यांनी स्वतः बसूनच ठरवावे.

वजनाचा हिशेबही येथेच करावा. समजा, पत्रकात भारक्षमता ४०० किलो दिली आहे. चार प्रौढ माणसांचे सरासरी ८० किलो धरले तर ३२० किलो झाले. त्यावर जास्तीचे चाक, विंच, पाण्याची पेटी आणि अवजारे चढवली की मर्यादा गाठलीच. छपरावर बांधलेले ओझे तर वाहनाचा तोलही बिघडवते.

इंजिन आणि रबरी पट्टा

१,००० घन सेंटिमीटरच्या साध्या इंजिनातून साधारण १०० ते ११० अश्वशक्ती मिळते. टर्बोचार्जर असलेल्या वाहनांत ती २०० च्या घरात जाते. समुद्रसपाटीपासून फार उंचावर, जेथे हवा विरळ असते, तेथे टर्बोचा उपयोग जाणवतो. झाडीतील वाटेवर मात्र पन्नास-साठ अश्वशक्तीचे वाहनही पुरेसे ठरते.

अश्वशक्तीपेक्षा ती चाकांपर्यंत कशी पोचते, हे अधिक महत्त्वाचे. बहुतेक वाहनांत दोन कप्प्यांवर फिरणारा रबरी पट्टा हे काम करतो. आपल्याकडील गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये हेच तत्त्व असते. चालवायला ही रचना सोपी. पण तीव्र चढावर सावकाश जाताना 'हाय' गिअर ठेवला तर पट्टा घसरतो, तापतो आणि अखेर तुटतो. चढावर वेळीच 'लो' गिअर घ्यावा आणि जास्तीचा पट्टा व तो बदलण्याची अवजारे सदैव सोबत ठेवावीत. होंडाच्या मोठ्या प्रतिकृतींत मोटारीप्रमाणे दातेरी गिअर असतात, त्यामुळे पट्ट्याचा प्रश्नच येत नाही. यामाहाच्या वायएक्सझेड या प्रतिकृतीतही गिअर आहेत. डागडुजीची आवड नसलेल्या कुटुंबाने या फरकाचा अवश्य विचार करावा.

याखेरीज जवळचा दुरुस्तीचा कारखाना कोणत्या कंपनीचा आहे, हे पाहावे. दोनशे मैलांवरील सेवाकेंद्र हंगामाच्या ऐन भरात उपयोगी पडत नाही.

जुने वाहन घेताना

एक-दोन हंगाम वापरून विकायला काढलेली वाहने बाजारात मोठ्या संख्येने असतात आणि जाणकाराला त्यांत चांगला सौदा मिळतो. एअर फिल्टरच्या डब्यात धूळ आहे का, इंजिनात पाणी गेल्याच्या खुणा आहेत का, चाकांचे बेअरिंग ढिले झाले आहे का आणि मुख्य म्हणजे संरक्षक सांगाडा वाकून पुन्हा सरळ केलेला तर नाही ना, हे तपासावे.

त्याहून महत्त्वाची तपासणी कागदावरची. एप्रिल २०१६ मध्ये आगीच्या धोक्यामुळे सुमारे १ लाख ३३ हजार आरझेडआर ९०० व १००० वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आली. तोवर आगीच्या १६० हून अधिक घटनांची नोंद झाली होती आणि एका १५ वर्षांच्या मुलीचा बळी गेला होता. दोषांची माहिती वेळेवर न कळवल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये कंपनीने २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. जुन्या वाहनाच्या चौकटीवरील क्रमांक देऊन अशी दुरुस्ती बाकी आहे का, हे विक्रेत्याकडे विनामूल्य कळू शकते. दहा मिनिटांची ही चौकशी टाळू नये. नवे असो वा जुने, हाताशी येईल अशा जागी अग्निशामक बसवणे इष्ट.

खर्चाचा ताळेबंद

नव्या वाहनांच्या किमती सर्वसाधारणपणे दहा-बारा हजार डॉलरच्या आसपास सुरू होतात आणि वरच्या टोकाला तीस-चाळीस हजारांच्याही पुढे जातात. छापील किमतीवर वाहतूक, जुळणी, कागदपत्रे आणि विक्रीकर यांची भर पडते. त्यानंतर हेल्मेट, पुढील काच, विंच आणि सुटे टायर येतात. विंचची ओढ वाहनाच्या भारासहित वजनाच्या दीडपट असावी, असा संकेत आहे. वाहन घरापासून रानापर्यंत नेण्यासाठी ट्रेलर आणि तो ओढणारी गाडीही लागते. सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, हे विसरू नये. विमाही स्वतंत्र घ्यावा. घराच्या किंवा मोटारीच्या विम्यात रानातील अपघात सामावलेला असेल, असे गृहीत धरू नये.

कर्जाने खरेदी करताना केवळ मासिक हप्त्यावर नजर ठेवणे महागात पडते. उदाहरणादाखल २०,००० डॉलरचे कर्ज वार्षिक ९ टक्के दराने घेतले असे मानू. ५ वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ४१५ डॉलर आणि एकूण व्याज सुमारे ४,९०० डॉलर होते. मुदत ७ वर्षांची केली तर हप्ता ३२२ डॉलरवर येतो. पण व्याज ७,००० डॉलरच्या वर जाते. शिवाय ७ वर्षांच्या कर्जात दोन वर्षांनंतरही सुमारे १५,५०० डॉलर देणे शिल्लक असते. दोन हंगाम चिखलात वापरलेल्या वाहनाला तेवढी किंमत येईलच, याची खात्री नसते. तशा वेळी वाहन विकले किंवा अपघातात निकामी झाले, तर वाहन गेले आणि कर्ज उरले, अशी स्थिती होते. सुरुवातीला पुरेशी रक्कम स्वतःची भरणे आणि मुदत आखूड ठेवणे, हा त्यावरील जुना व खात्रीचा उपाय.

सर्वांत अखेरीस वापराच्या दिवसांनी भागाकार करावा. हप्ता, विमा, देखभाल आणि घसारा यांची वर्षाची बेरीज घेऊन तिला प्रत्यक्ष रानात गेलेल्या दिवसांनी भागले, की एका दिवसाचा खरा खर्च समजतो. वर्षातून चार-पाच दिवसच जाणे होत असेल, तर दिवसाला काही शे डॉलर भाडे देणेही स्वस्त ठरू शकते. निर्णयापूर्वी दोन वेगवेगळ्या रुंदींची वाहने भाड्याने घेऊन आवडत्या वाटेवर पूर्ण दिवस चालवावीत. हा खर्च खरेदीचाच एक भाग मानावा. भाड्याच्या करारात नुकसानीची जबाबदारी कोणावर आहे, तसेच पाहुण्या आईवडिलांच्या प्रवास विम्यात अशा साहसाला संरक्षण आहे का, हेही आधी वाचून घ्यावे.

आपल्याकडे

भारतात सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार नोंदणी आवश्यक असते. नोंदणी नसलेली अशी वाहने खाजगी आवारात चालवली जातात आणि पर्यटकांना आढळतात ती मुख्यतः रिसॉर्टच्या बंदिस्त मार्गावर. अशा ठिकाणी खरेदीचा प्रश्न नसला तरी सुरक्षिततेच्या कसोट्या त्याच राहतात. पट्टा चालू स्थितीत आहे का, हेल्मेट मापाचे आहे का, मुलाचे पाय टेकतात का, एवढे पाहिल्याशिवाय आत बसू नये. तेथील कर्मचारी "काही होत नाही" असे म्हणत असला, तरीही.

साइड-बाय-साइड हे आनंदाचे साधन आहे. ज्या वाटेवर पायी जाण्याची शक्ती उरलेली नाही, तेथवर ते आजी-आजोबांना नातवंडांसोबत घेऊन जाते. तो आनंद टिकवायचा, तर ठरवून दिलेली वाट सोडू नये, धूळ उडवत दुसऱ्यांच्या तंबूजवळून जाऊ नये आणि ज्या वाहनातून सर्वजण संध्याकाळी सुखरूप परततील, तेच निवडावे. मग त्याची अश्वशक्ती शेजाऱ्याच्या वाहनापेक्षा थोडी कमी असली, तरी बिघडत नाही.